हाडे, सांधे आणि तरफा

तरफेचा धडा चालू असला की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. कात्री ही पहिल्या प्रकारची तरफ, अडकित्ता दुसऱ्या प्रकारची आणि चिमटा तिसऱ्या प्रकारची, एवढे विद्यार्थ्यांना पाठ असते. मग एखादा विचारतो, "सर, तिसऱ्या प्रकारात बल जास्त लावायचे आणि भार मात्र कमी उचलायचा. असली तोट्याची तरफ वापरणार कोण?" उत्तर सोपे आहे. प्रश्न विचारण्यासाठी त्याने जो हात वर केलेला असतो, तोच!

एक साधा प्रयोग करून पाहा. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा, तळवा वर करा आणि त्यावर एक जाड पुस्तक ठेवा. आता डाव्या हाताच्या बोटांनी उजव्या कोपराची पुढची घडी चाचपा. तेथे दोरीसारखे काहीतरी ताठ झालेले लागेल. हा दंडाच्या पुढच्या स्नायूचा बंध. तो हाताच्या पुढील भागातील, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला घट्ट जोडलेला असतो. कोपराचा सांधा हा टेकू, तळव्यावरचे पुस्तक हा भार आणि या दोहोंच्या मध्ये स्नायूचे बल. म्हणजे ही तिसऱ्या प्रकारचीच तरफ झाली.

आता थोडे गणित करू. स्नायुबंध कोपरापासून सुमारे 5 सेंटिमीटरवर आणि तळवा सुमारे 35 सेंटिमीटरवर आहे असे समजा. तळव्यावर 5 किलोग्रॅमचे वजन ठेवले, तर ते तोलण्यासाठी स्नायूला 5 × 35 ÷ 5, म्हणजे 35 किलोग्रॅम-भार एवढे बल लावावे लागेल. हाताचे स्वतःचे वजन यात धरलेलेच नाही. स्नायू हाताला 35 ने वर ओढतो आणि वजन 5 ने खाली दाबते. उरलेला 30 किलोग्रॅम-भार कोपराच्या सांध्यावर दाबला जातो. पाच किलोची पिशवी धरली तरी सांधा सोसतो तो तिच्या सहापट दाब!

मग यात फायदा कोणता? स्नायू 1 सेंटिमीटर आखडला की तळवा 7 सेंटिमीटर हलतो. बलात जे गमावले ते अंतरात आणि वेगात मिळाले. गोलंदाजाचा चेंडू वेगाने सुटतो, तबलजीची बोटे चपळ फिरतात, ती याच सौद्यामुळे.

सांध्यांचे प्रकार

कोपर आणि बोटांची पेरी येथे बिजागरीसारखे सांधे असतात. दाराप्रमाणे ते एकाच प्रतलात उघडतात व मिटतात. किल्ली फिरवताना मात्र कोपराखालची दोन हाडे एकमेकांभोवती फिरतात. तो खुंटीचा सांधा. खांदा आणि खुबा हे उखळीचे सांधे. एका हाडाचे गोल डोके दुसऱ्याच्या खोबणीत बसलेले असल्याने ते सर्व दिशांना फिरते. खुब्याची उखळ खोल असते, म्हणून तो बळकट. खांद्याची उखळ उथळ असते. त्यामुळे हात मोकळेपणी फिरतो, पण खांदा निखळण्याची भीतीही जास्त असते.

सांध्यात हाडावर हाड थेट घासत नाही. टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते आणि मध्ये चिकट द्रवाचे वंगण. येथील घर्षण बर्फावर सरकणाऱ्या पोलादापेक्षाही कमी असू शकते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. ओल्या स्पंजाप्रमाणे ती दाबली जाते, सुटते आणि या द्रवातूनच आपले पोषण मिळवते. म्हणूनच सांध्यांना हालचाल हवी.

हाड कशाचे बनते?

कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि व्हिनेगर मधूनमधून बदला. हाड रबरासारखे वाकू लागेल. आम्लात कॅल्शियमचे क्षार विरघळले आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तेवढे उरले. उलट, हाड जाळले तर धागे नष्ट होतात आणि उरलेले क्षार हातात चुरडतात. काँक्रीट दाब सोसते, त्यातल्या लोखंडी सळ्या ताण सोसतात. हाडात तेच काम अनुक्रमे क्षार आणि धागे करतात.

1866 साली झ्युरिक येथे कार्ल कुलमान या अभियंत्याने शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांच्याकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. हाडाच्या वरच्या टोकातील बारीक तंतूंची जाळी पाहताच तो चकित झाला. भार उचलणाऱ्या यारीमध्ये दाबाच्या आणि ताणाच्या रेषा जशा काढतात, तशीच ही मांडणी होती. पुढे 1892 मध्ये ज्युलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने नियम मांडला, की हाडावर जसा भार पडतो तसे ते स्वतःला घडवते. भार नसेल तर ते झिजते. अवकाशात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कंबर-मांडीच्या हाडांचे वस्तुमान दरमहा सुमारे 1 ते 1.5 टक्क्याने घटते. त्यासाठी त्यांना तेथे रोज व्यायाम करावा लागतो.

हंडा कसा उचलावा?

आता रोजच्या उपयोगाची गोष्ट. गुडघे ताठ ठेवून, कमरेत वाकून 15 किलोचा हंडा उचलला, तर तो कण्याच्या खालच्या टोकापासून सुमारे 40 सेंटिमीटर दूर असतो. पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात. केवळ हंड्यासाठीच त्यांना 15 × 40 ÷ 5, म्हणजे 120 किलोग्रॅम-भार एवढे बल लावावे लागते. पुढे झुकलेल्या धडाचे वजन वेगळेच. हा सगळा दाब मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. गुडघे वाकवून, हंडा अंगाशी 20 सेंटिमीटरवर धरला की तेच बल 60 वर येते. पाणी आणणाऱ्या बायका डोक्यावर हंडा घेऊन ताठ चालतात, तेव्हा भार कण्याच्या सरळ रेषेत येतो आणि पाठीला तोल सावरण्याचे श्रम कमी पडतात. मानेच्या मणक्यांवर मात्र तो सगळा भार पडतोच. घरी आई-आजीला हंडा किंवा धान्याचे पोते वाकून उचलताना पाहिलेत, तर हे गणित त्यांना समजावून सांगा आणि दुसरी बाजू तुम्ही धरा.

तुमच्या स्वतःच्या हाडांसाठी तर हीच वर्षे मोलाची आहेत. हाडांची बहुतेक पुंजी विशीपर्यंत जमते. उतारवयात ती हळूहळू खर्चच होते, आणि पुंजी कमी असली की साध्या पडण्यानेही खुबा मोडतो. दूध आणि नाचणीची भाकरी खा. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते शोषले जाण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व उन्हाच्या मदतीने त्वचेत तयार होते. म्हणून उन्हात खेळा, धावा, दोरीवरच्या उड्या मारा. हाडांवर भार पडू द्या. तो कसा पेलायचा हे ती स्वतःच शिकतात.