मोपेड ओरडते, पण ओढत नाही! इंजिन खोलण्याआधी क्लच बघा

पहाटे धार काढायची, कॅन गाडीला अडकवायचे आणि वेळेत दूध संकलन केंद्र गाठायचे, हा दूधवाल्या शेतकऱ्याचा रोजचा नेम. पुण्याच्या कायनेटिकची लूना १९७२ साली रस्त्यावर आली, १९८० साली टीव्हीएस-५० आली, आणि सायकलवरचे दूध मोपेडवर गेले. पुढे याच गाडीवर खताची गोणी आली, भाजीची पाटी आली, पोस्टमन आणि ग्रामसेवकही आले. अशी कामाची गाडी ऐन चढावर नुसतीच ओरडू लागली, की दूध उशिरा पोचते आणि उशिरा गेलेल्या दुधाचे काय होते ते सांगायला नको.

गाडी गॅरेजात गेली, की पुष्कळदा पहिले वाक्य ऐकू येते, "बोअर-पिस्टन करावं लागंल, दादा." शेतकरी खिशात हात घालतो. इंजिन खोलले जाते, पैसे जातात आणि आठ दिवसांनी तोच चढ, तीच रड. कारण दुखणे इंजिनात नसते, क्लचमध्ये असते.

क्लच चालतो कसा?

मोपेडला मोटरसायकलसारखी क्लचची मूठ नसते. इंजिनाच्या बाजूने फिरणाऱ्या चकतीवर लायनिंग लावलेले शू असतात आणि ते स्प्रिंगने आत ओढून धरलेले असतात. रेस दिली, की वेगाने शू बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या ड्रमला घट्ट धरतात. ड्रम फिरला, की चाक फिरते. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढ घेतो, तोच हा प्रकार. शूची पकड सुटली, की इंजिन फिरत राहते, पण जोर चाकापर्यंत जात नाही.

दुखणे ओळखा

रेस वाढते पण वेग वाढत नाही, सपाटीला गाडी बरी आणि चढाला ढिली, वर करपल्याचा वास, अशी लक्षणे दिसली तर क्लच घसरतो आहे असे समजावे. इंजिनाची रेसच चढत नसेल, तर मात्र कार्बोरेटर, प्लग किंवा सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी बघावी.

क्लच उघडण्याआधी गाडी स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि मागचे चाक हाताने फिरवा. ते अडकत फिरत असेल, तर ब्रेक चिकटलेला आहे किंवा चेन फार ताणली आहे. अशी गाडी चालवली तर चांगला क्लचही घसरतो. ब्रेक सैल करणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

उघडल्यावर काय बघाल?

क्लच काढायला पुलर लागतो. छिन्नी-हातोडी चालवून शाफ्टचे आटे घालवू नयेत. लायनिंग झिजले असेल तर सगळे शू एकदम बदला, एकच नवा घालू नका. लायनिंग शाबूत असून काचेसारखे गुळगुळीत झाले असेल, तर पॉलिश पेपरने घासून खरखरीत करता येते. ड्रम निळा पडला असेल किंवा त्याला खाच पडली असेल, तर नव्या लायनिंगचाही उपयोग होणार नाही.

स्प्रिंग ढिली झाली, की रेस न देताच गाडी पुढे ओढते. स्प्रिंगही जोडीनेच बदलाव्यात.

काही गाड्यांचा क्लच कोरडा असतो. त्यात तेल दिसले तर ऑईल सील फुटले आहे. सील न बदलता नुसते लायनिंग बदलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. काही गाड्यांचा क्लच तेलातच चालतो. तिथे गाडीच्या पुस्तकात सांगितलेलेच तेल, तेवढेच घालावे. मोटारीचे उरलेले तेल ओतू नये. त्यातल्या काही तेलांत घसरण वाढवणारी द्रव्ये असतात. फोर स्ट्रोक गाडीसाठी डब्यावर 'जेएएसओ एमए' असा शिक्का बघून घ्यावा.

एक जपा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकर मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पेट्रोलने भाग धुताना जवळ बिडी-काडी नको.

ओझ्याचा हिशेब

चाळीस लिटर दुधाचे वजन सुमारे ४१ किलो. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, त्यात साठ किलोचा माणूस, झाले १४२. रिकाम्या कॅनचे वजन वेगळेच. आपल्या गाडीच्या पुस्तकात किती वजन सांगितले आहे ते एकदा बघा. त्यात चालवणाराही धरलेला असतो. वेग वाढावा म्हणून पुढचे चक्र मोठे बसवले असेल, तर क्लचवर आणखी ताण येतो.

चढावर ब्रेक न लावता रेसवर गाडी धरून उभे राहू नका. क्लच तिथेच जळतो. चढाआधी वेग घ्या, उभ्या चढाला खाली उतरून हात लावा. नवे लायनिंग बसवल्यावर पहिले काही दिवस ओझे निम्मे ठेवा, म्हणजे लायनिंग ड्रमला नीट बसेल.

गाडी गॅरेजात नेताना मिस्त्रीला एवढेच सांगा, "आधी चाक फिरवून बघ, मग क्लच उघड, इंजिनाचं नंतर बघू." लायनिंगचा खर्च बोअर-पिस्टनच्या मानाने थोडका आहे, आणि दूधही वेळेवर पोचते.