मज्जातंतू तुटल्यावर

तामलवाडीच्या शिवारात कोयत्याने किंवा कडबाकुट्टीत मनगट खोल कापलं, तर वरून टाके घालून भागत नाही. आतला मज्जातंतू तुटला असेल तर बोटं बधिर राहतात. सोलापूर जवळच आहे. तिथे जाऊन तुटलेला तंतू सूक्ष्मशस्त्रक्रियेने लवकर जोडून घ्यावा. जोडलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे बोटाच्या टोकाला पोचायला सहा महिने तरी. वाढत्या टोकावर टिचकी मारली की मुंग्या येतात. टिनेल आणि हॉफमन यांनी ही खूण १९१५ मध्ये, ऐन महायुद्धात नोंदवली. मुंग्या पुढे सरकताहेत? उत्तम! जखम भरूनही आग, विजेसारखी कळ राहिली, तर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं लागतात, तीही डॉक्टरांच्याच सल्ल्याने.