शेत तेच, व्यवस्था वेगळी

अर्थव्यवस्था कोणतीही असो, तिला तीन प्रश्न सोडवावेच लागतात: काय पिकवायचं, कसं आणि कोणासाठी? भांडवलशाहीत यांची उत्तरं बाजारभाव देतो, साम्यवादी नियोजनात सरकार. या फरकाने काय होतं, ते चीनच्या आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात लख्ख दिसतं.

तिथली शेती कम्यूनची, म्हणजे सगळ्यांनी मिळून कसायच्या सामूहिक संस्थेची होती. कामाचे गुण मिळत, पण जास्त राबलं म्हणून घरात जास्त धान्य येत नसे. उपासमारीने पिचलेली माणसं भीक मागायला बाहेर पडत. अखेर १९७८ च्या हिवाळ्यात १८ शेतकऱ्यांनी चोरून करार केला. जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा वाटा भरायचा, उरलेलं ज्याचं त्याने ठेवायचं. यापायी कोणी तुरुंगात गेलं, तर त्याची मुलं बाकीच्यांनी सांभाळायची. केवढं हे धाडस! पुढच्याच वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं. माणसं तीच, माती तीच. बदलली ती फक्त वाटणी.

चीनचे नेते डंग श्याओपिंग यांच्या काळात ही पद्धत देशभर पसरली आणि काही वर्षांत कम्यून मोडीत निघाले. तरी तिला निखळ भांडवलशाही म्हणता येणार नाही, कारण शेतजमिनीची मालकी आजही सामूहिकच आहे. शिवाय या बदलाची किंमतही मोठी होती, आणि ती सहसा सांगितली जात नाही. कम्यूनच्या आधारावर चालणारी गावोगावची स्वस्त आरोग्यसेवा कोलमडली. ती घडी पुन्हा बसवण्यासाठी सरकारला २००३ मध्ये ग्रामीण आरोग्यविम्याची नवी योजना सुरू करावी लागली.