सर्व्हरचे सॉकेट मोजा, मगच लायसन्स घ्या



आज जरा वेगळा विषय घेतोय. लोकवर्गणीतून शाळेत संगणक येतात, पण सॉफ्टवेअरच्या दरपत्रकात नेमकं काय मोजलंय हे आपण विचारतच नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, आमच्याच भागातल्या एका शाळेला 2021 साली माजी विद्यार्थ्याने कंपनीतून निघालेला सर्व्हर दिला. त्यावर व्हीएमवेअर टाकायचं ठरलं. दरपत्रकात चार लायसन्स लावलेली. मुख्याध्यापक सर सही करणारच होते, तेवढ्यात सर्व्हरचं झाकण उघडून बघितलं. चार सॉकेटपैकी दोन रिकामे! म्हणजे लायसन्स दोनच लागणार होती. बाकीचे पैसे गावाचे होते, हे विसरू नका.

आता हे सॉकेट म्हणजे काय ते बघू. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जी जागा असते, ती सॉकेट. एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात. काम खरं ते करतात. आणि व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच दणकट सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणं.

मी हे घरपट्टीच्या उदाहरणाने सांगतो. समजा घरपट्टी घरामागे एक पावती अशी आहे. प्रोसेसर म्हणजे घर, कोअर म्हणजे खोल्या, आभासी संगणक म्हणजे भाडेकरू. पावती घरावर, भाडेकरू दोन असोत की वीस. रिकाम्या प्लॉटला, म्हणजे रिकाम्या सॉकेटला, पावती नाही. व्हीएमवेअरचा हिशोब बरीच वर्षं साधारण असाच होता. मधे 2011 साली त्यांनी मेमरीवरही मर्यादा घातली होती, पण ग्राहक चिडले आणि पुढच्या वर्षी ती मागे घ्यावी लागली.

मग घरं मोठी झाली. 2019 मध्ये एएमडीने एका प्रोसेसरमध्ये 64 कोअर दिले. एवढा वाडा एका पावतीवर? त्यामुळे एप्रिल 2020 पासून नियम आला : एका लायसन्सवर एका प्रोसेसरचे 32 कोअरपर्यंत. 64 कोअरच्या प्रोसेसरला दोन लायसन्स. वर सांगितलेल्या शाळेच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकी 8 कोअरचे दोन प्रोसेसर, म्हणून दोनच पुरणार होती.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि डिसेंबरात कायमची लायसन्स विकणं बंद केलं. आता वर्गणी, तीही कोअरवर, आणि प्रोसेसरमागे किमान 16 कोअर धरतात. गंमत बघा, तोच जुना सर्व्हर : खरे कोअर 16, पण पैसे 32 चे. जुन्या सर्व्हरवाल्यांना हे जड जातं, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज सर्व्हरही 2016 च्या आवृत्तीपासून कोअरवर आहे. तिथे प्रोसेसरमागे किमान 8 आणि सर्व्हरमागे किमान 16. म्हणजे आपल्या सर्व्हरला बरोबर 16 च.

मोजायचं कसं? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयू निवडा. तिथे सॉकेट, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर असे तीन आकडे दिसतात. लॉजिकलचा आकडा बहुतेक वेळा कोअरच्या दुप्पट असतो, तो धरून कोणी हिशोब मांडला तर थांबवा. पण हे मूळ सर्व्हरवर बघायचं. आभासी संगणकात बघितलं तर आपणच सेटिंगमध्ये दिलेले सॉकेट दिसतात, त्यांचा लायसन्सशी संबंध नाही. (मीही पहिल्यांदा तिथेच फसलो होतो.)

त्या शाळेने शेवटी प्रॉक्समॉक्स घेतलं. ते मोफत वापरता येतं. कंपनीची मदत हवी असेल तरच वर्षाला पैसे, आणि तेही भरलेल्या सॉकेटमागे. वाचलेल्या वर्गणीतून यूपीएसच्या बॅटऱ्या बदलल्या, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे लाइटचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.