शंकरपट : शौकिनांच्या नजरेतून

पौष सरत आला, तुरीची सोंगणी आटोपली आणि कापसाची वेचणी शेवटच्या टप्प्यात आली की, वऱ्हाडातील गावोगावच्या गप्पांचा विषय बदलतो. कोणत्या गावी पट भरणार, कोणाची जोडी उतरणार, गेल्या वर्षीचा अमुक बैल या वर्षी कोणाच्या गोठ्यात आहे, याच्या चर्चा पारावर रंगू लागतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील शहरी मंडळीही या दिवसांत आपल्या मूळ गावाकडे वळतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात, त्याचा विदर्भातील अवतार म्हणजे शंकरपट. शंकराचे वाहन नंदी, म्हणून बैलांच्या पटाला शंकराचे नाव, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. पट पाहण्यासाठी वीस-पंचवीस कोस तुडवत जाणाऱ्या माणसाला या भागात 'पटशौकीन' म्हणतात. हा शौकीन नेमके काय पाहतो, हे समजून घेतल्याशिवाय शंकरपटाचे आकर्षण उलगडत नाही आणि त्याच्यापुढील आजचा प्रश्नही कळत नाही.

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे तालुक्यात तळेगाव दशासर हे गाव आहे. तेथील कृषक सुधार मंडळाच्या पटाची ख्याती संपूर्ण विदर्भात आहे. शंभराहून अधिक वर्षांची परंपरा सांगणाऱ्या या पटात पुरुषांच्या बरोबरीने महिलाही जोडी हाकतात. कासोटा कसून रेंगीवर उभी राहिलेली शेतकरी स्त्री हे तळेगावचे वैशिष्ट्य मानले जाते. अशा मोठ्या पटांखेरीज यात्रा-जत्रांच्या निमित्ताने लहान गावांतूनही पट भरतात. त्यांची बक्षिसे लहान असली, तरी तेथील चुरस तेवढीच असते.

पटाची रीत सोपी आहे. गावाबाहेरच्या शेतात काही शे मीटर लांबीची सरळ पट्टी आखतात. तिच्यावरील ढेकळे फोडून, खडे वेचून जमीन सारखी केली जाते. जोडीला जुंपायची गाडी म्हणजे रेंगी. ती दोन चाकांची व वजनाला अतिशय हलकी असते. तिच्यावर तोल सांभाळणारा हाक्या म्हणजे धुरकरी. काही ठिकाणी एकेक जोडी घड्याळाशी धावते, तर काही ठिकाणी शेजारच्या दोन पट्ट्यांवर दोन जोड्या एकाच वेळी सुटतात. झेंडी पडते आणि अवघ्या काही सेकंदांत सारे संपते. पूर्वी पंचांच्या हाती सेकंदकाट्याचे घड्याळ असे. आता अनेक ठिकाणी विजेवर चालणारी यंत्रणा वेळ टिपते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो.

नवख्या माणसाला यात धुळीचा लोट आणि आरडाओरडा यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. शौकिनाची नजर मात्र झेंडी पडण्याच्या कितीतरी आधीपासून कामाला लागलेली असते. बैल उभा कसा राहतो, कान कोणत्या दिशेला आहेत, खुर घट्ट आहेत की नाहीत, दात किती, अंगावरचा भोवरा कोठे, हे तो पाहून घेतो. जोडीतील दोन बैल सारख्या उंचीचे आहेत का आणि एकाची झेप दुसऱ्याच्या झेपेशी जुळते का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा त्याच्यामागे ओढला जाणारा असेल, तर जू तिरपे होते, रेंगी पट्टी सोडते आणि मोलाचे क्षण वाया जातात. पटात बैल जिंकत नाही, जोडी जिंकते, असे शौकीन म्हणतात ते यामुळेच. हे ज्ञान त्याने पुस्तकातून मिळवलेले नसते. तिफण, वखर आणि डवरा हाकताना, बाजारात बैल पारखताना ते त्याच्या अंगात मुरलेले असते. थोडक्यात, पटाचा प्रेक्षक हा मुळात शेतकरी आहे आणि तो शेतकऱ्याच्याच नजरेने शर्यत पाहतो.

या खेळाला थाटमाटही आहे. पोळ्याला वऱ्हाडातला बैल झूल, बाशिंग, मठाठ्या, घुंगुरमाळा आणि रंगवलेली शिंगे लेवून तोरणाखाली उभा राहतो आणि झडत्यांच्या गजरात त्याचा सन्मान होतो. पटाच्या दिवशी त्याच्या अंगावर ओझे नको म्हणून हा साज उतरतो. पण मिरवणे थांबत नाही. ध्वनिक्षेपकावरून जोडीचे नाव, मालकाचे गाव आणि आधीचे पराक्रम यांची ललकारी दिली जाते. जिंकलेल्या जोडीवर गुलाल उधळला जातो, वाजंत्री वाजते, फेटे बांधले जातात. पट्टीच्या कडेला भजी, जिलेबी आणि शेव-चिवड्याची दुकाने लागतात. घुंगरे, दोर आणि वेसणी विकणारेही पथारी मांडतात. माणसांच्या स्पर्धेत खेळाडूचे नाव गाजते. येथे मात्र मालकाआधी बैलाचे नाव गाजते, आणि त्या नावाने गाव ओळखले जाते.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतील 'स्टॉक कार' शर्यतींची कहाणी याच्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. 'स्टॉक कार' म्हणजे दुकानात सर्वांना मिळते ती साधी मोटार. दारूबंदीच्या काळात दक्षिणेकडील डोंगराळ भागातून चोरटी दारू वाहणारे लोक दिसायला साध्या, पण आतून बदल केलेल्या मोटारी पळवीत. त्यांच्यातूनच पुढे शर्यती लागल्या. १९४८ मध्ये 'नॅस्कार' ही संस्था स्थापन झाली. १९४९ मध्ये शार्लट येथे झालेल्या तिच्या पहिल्या 'साध्या मोटारींच्या' शर्यतीत प्रथम आलेल्या मोटारीच्या स्प्रिंगांत बदल केल्याचे आढळले. तिला बाद करून दुसऱ्याला विजयी घोषित करण्यात आले. साधेपण हीच त्या शर्यतीची अट होती. आपल्या दारातली मोटार पळताना पाहण्याचा आनंद लुटण्यासाठी लोक तेथे जमत. आपल्या गोठ्यातल्यासारखी जोडी पळताना पाहण्यासाठी वऱ्हाडी माणूस पटाला जातो, तसेच हे.

तेथील थाटही असाच. डेटोना येथे १९५९ पासून होणाऱ्या ५०० मैलांच्या शर्यतीपूर्वी प्रार्थना होते, राष्ट्रगीत होते, मग इंजिने सुरू करण्याचा पुकारा होतो. चाहते मोटारीच्या क्रमांकाशी निष्ठा बांधतात. २००१ मध्ये याच शर्यतीच्या अखेरच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा नामांकित चालक अपघातात मरण पावला. त्याच्या मोटारीचा क्रमांक ३ होता. त्यानंतरच्या शर्यतींत तिसऱ्या फेरीला हजारो प्रेक्षक तीन बोटे उंचावून नि:शब्द उभे राहू लागले. परंतु आज तेथे धावणारी मोटार दुकानात मिळत नाही. तिचा सांगाडा आणि बहुतेक भाग खास शर्यतीसाठीच तयार होतात. दुकानातील मोटारीशी तिचे साम्य उरले आहे ते नावापुरते आणि बाह्यरूपापुरते. शंकरपटाची वाटचाल त्याच दिशेने सुरू झाली आहे, आणि येथेच खरा प्रश्न आहे.

पटाबद्दलची गेल्या दशकातील चर्चा मुख्यत्वे न्यायालयाभोवती फिरली. केंद्र सरकारने २०११ मध्ये खेळासाठी प्रदर्शित करण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबरच बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यासाठी नाही आणि त्याला वेदना देऊनच पळविले जाते, हा प्राणिमित्रांचा मुख्य मुद्दा होता. पट ओस पडले. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. पण उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरविली.

परवानगी मिळाली ती अटींसह. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वसंमती हवी, पट्टी एक हजार मीटरपेक्षा लांब नको, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी हवी आणि चाबूक, काठी, विजेचा धक्का देणारे साधन यांपैकी काहीही वापरता कामा नये. बैलाला यातना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्राणिमित्रांचा आक्षेप अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. आर लावलेली पराणी, पिरगाळलेले शेपूट हे प्रकार ज्यांनी पट पाहिले त्यांना अपरिचित नाहीत. जाणता शौकीन मात्र अशा जोडीला दाद देत नाही. टोचून पळविलेला बैल भीतीने पळतो. तो सरळ पळत नाही आणि पुढच्या वर्षी झेंडी पाहताच बिथरतो, हे त्याला ठाऊक असते. धुरकऱ्याच्या नुसत्या हाकेवर सुटणारी जोडी हीच त्याच्या लेखी खरी जोडी.

ही पारख पुढच्या पिढीत टिकेल काय? २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील नर गोवंशाची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आत आली. त्याच काळात गायींची संख्या मात्र वाढली. कारण उघड आहे. नांगरट ट्रॅक्टरने होते, पेरणी यंत्राने होते, आणि एकेकाळी अमरावती-अकोल्याच्या बाजारात रांगा लावणाऱ्या कापसाच्या बंड्यांची जागा मालमोटारींनी घेतली आहे. वर्षभर खाऊ घालून बैल पोसणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

याच्या उलट पटाची जोडी महाग होत चालली आहे. नावाजलेल्या बैलांचे व्यवहार लाखांच्या घरात होतात. त्यांचा खुराक निराळा, सराव निराळा, आणि औताला त्यांना कोणी जुंपत नाही. सांगली जिल्ह्यात २०२३ मध्ये झालेल्या एका शर्यतीत पहिले बक्षीस म्हणून चारचाकी जीप देण्यात आली. पूर्वी आठवडाभर वखर ओढणारा बैल रविवारी पटात उतरे, म्हणून गावातील प्रत्येकाला तो आपला वाटे. आज शेतातला बैल आणि पटातला बैल वेगळे झाले आहेत. एकाची दावण रिकामी होत आहे आणि दुसऱ्याची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचत आहेत.

बैलगाडी शर्यतींमुळे देशी गोवंश टिकेल, असा युक्तिवाद परवानगीच्या बाजूने केला जातो. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. मूठभर वेगवान जोड्या टिकल्या, तरी तेवढ्याने गोठे भरत नाहीत. खिल्लारी बैलांइतकेच गवळाऊ जातीचे बैलही चपळाईसाठी नावाजलेले आहेत. पण शेतकऱ्याच्या दारात त्यांना काम उरले नाही, तर केवळ पटासाठी ते किती काळ सांभाळले जातील? आयोजकांना मनावर घेता येईल अशी एक गोष्ट आहे. वर्षभर औत ओढणाऱ्या स्थानिक जोड्यांसाठी पटात स्वतंत्र गट ठेवणे आणि त्याचे बक्षीस मुख्य बक्षिसाच्या तोलाचे करणे. लाखांची जोडी घेऊ न शकणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे पटात पुन्हा जागा मिळेल.

न्यायालयाने दिलेली परवानगी राखण्याचे काम शेवटी पट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या प्रेक्षकाचेच आहे. पराणी उगारणाऱ्या धुरकऱ्याला पंचांच्या आधी प्रेक्षकांनी हटकले, तर कायद्याचा बडगा उगारण्याची वेळ येणार नाही. ते हटकण्यासाठी मात्र बैल कळणारा माणूस गर्दीत असावा लागतो. शंकरपट कायद्याने वाचला आहे. तो पाहण्याची नजर वाचवणे वऱ्हाडाच्या हाती आहे.