वहीतली चूक आणि जॉर्ज क्रॉस

बाकीच्यांना पलीकडे जाता यावं म्हणून माकडांच्या राजानं स्वतःच्या अंगाचाच पूल केला, ती जातककथा आठवते? १९३९ साली अशा वीस कथा नूर इनायत खाननं मुलांसाठी इंग्रजीत लिहिल्या. तिचे वडील बडोद्याचे गवई. नूर वाढली मात्र पॅरिसजवळ.

१९४० मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा हे कुटुंब इंग्लंडला निसटलं. तिथं नूर बिनतारी संदेश पाठवायला शिकली. खोटं बोलणं तिला जमेना. हिला गुप्त कामावर कसं धाडायचं, अशी शिक्षकांना शंका! तरी जून १९४३ मध्ये ती विमानानं फ्रान्समध्ये उतरली.

थोड्याच दिवसांत साथीदार पकडले गेले. लंडनहून निरोप आला, परत ये. नूर गेली नाही. पॅरिसहून संदेश पाठवणारं दुसरं कोण उरलं होतं? जर्मन गाड्या माग काढत फिरायच्या. ही रेडिओची बॅग उचलून घरं बदलायची.

ऑक्टोबरात फितुरीनं ती सापडली. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिनं वहीत ठेवल्या होत्या. ती वही शत्रूला मिळाली. चूक मोठीच होती. पण चौकशीत तिनं तोंड उघडलं नाही. दोनदा पळून जायचाही प्रयत्न केला. मग हातापायांत साखळ्या आल्या. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. वय अवघं तीस.

१९४९ मध्ये ब्रिटननं तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. हे पदक व्हिक्टोरिया क्रॉसच्या तोडीचं. चांदीच्या त्या क्रॉसवर इंग्रजीत दोनच शब्द असतात : ‘शौर्यासाठी’.