हळदीचा कस काहिलीत ठरतो

पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड तालुक्यात हळद लावणारा शेतकरी आठ-नऊ महिने पिकाची निगा राखतो. परंतु बाजारात त्यास मिळणारा भाव पुष्कळ अंशी काढणीनंतरच्या पंधरवड्यात ठरतो. कॉफीचे फळ सालीसकट वाळविले तर पेयास फळासारखी गोडी येते, गर धुऊन काढून बी वाळविले तर चव स्वच्छ व किंचित आंबटसर लागते. फळ तेच, प्रक्रिया निराळी. हळदीचेही तसेच आहे.

काढणीनंतर दोन-चार दिवसांतच हळद शिजवावी. जेठे गड्डे व हळकुंडे वेगवेगळी ठेवावीत. जाड गड्ड्यास अधिक वेळ लागतो. दोन्ही एकत्र घातल्यास हळकुंडे गळतात किंवा गड्डे कच्चे राहतात. शिजल्याने आतील पिष्ट फुगून चिकट होते, रंग सर्वत्र सारखा पसरतो, कच्चा वास जातो व माल लवकर वाळतो. काहिलीत साधारण पाऊण ते एक तास लागतो. पाण्यावर फेस आला व हळदीच्या वासाची पांढरी वाफ निघू लागली की काडी टोचून पाहावी. ती सहज आत गेली तर हळद शिजली असे समजावे. घाईचा माणूस येथेच फसतो: कमी शिजलेले हळकुंड ठिसूळ होते, जास्त शिजल्यास रंग बिघडतो.

काहिलीत तळचा माल अधिक व वरचा कमी शिजण्याचा धोका असतो. वाफेच्या यंत्रात हळद सारखी शिजते आणि जळणही वाचते. मात्र दाबमापक व सुरक्षा झडप नीट चालते की नाही, हे कृषी सहायकाने शेतकऱ्यासमक्ष प्रथम तपासून घ्यावे. वाफेशी खेळ बरा नव्हे.

शिजलेली हळद उघड्या मातीवर कधीही पसरू नये. स्वच्छ खळ्यावर किंवा ताडपत्रीवर दोन-तीन इंच थर द्यावा, रात्री ढीग करून झाकावी. दहा ते पंधरा दिवसांत ओलावा सुमारे १० टक्क्यांवर येतो आणि हळकुंड मोडताना खणखणीत आवाज होतो. शंभर किलो ओल्या हळदीचे साधारण वीस किलो वाळलेली हळद होते. अर्धवट वाळलेल्या मालास बुरशी लागते.

त्यानंतर ढोलात घोळून पॉलिश करावे. कच्च्या प्रक्रियेने फिका पडलेला माल पिवळा दिसावा म्हणून काहीजण शिसेयुक्त क्रोमेट चोळतात. ते विष आहे व कायद्याने बंदी असलेले आहे.